गणवेशाची अकरा दुकानं आणि ‘जवळचं दुकान’: एक प्रकरण अभ्यास

मालकांची मागणी एका ओळीची होती: साइटवरचा नकाशा काळा पडलाय, तो चालू करून द्या.

धंदा शाळेच्या गणवेशांचा. दुकानं अकरा. पाच ठाण्यात, नौपाड्यापासून घोडबंदर रोडवर कासारवडवलीपर्यंत, आणि सहा खाडीपलीकडे, ऐरोली ते खारघर. वर्षाचा बराचसा काळ दुकानं निवांत असतात. मे अखेरीपासून शाळा उघडेपर्यंत मात्र पाय ठेवायला जागा नसते. वेबसाइट पाच-सहा पानांची. ‘आमची दुकाने’ या पानावर गूगलचा नकाशा आणि त्यावर अकरा लाल पिना होत्या. आता तो करडा-काळा झाला होता आणि त्यावर जागोजाग ‘फॉर डेव्हलपमेंट पर्पजेस ओन्ली’ असं उमटत होतं.

हे दुखणं ओळखीचं आहे. २०१८ च्या मध्यापासून साइटवर गूगलचा जावास्क्रिप्टवाला नकाशा लावायचा तर एपीआय की, म्हणजे गूगलने दिलेली ओळख-किल्ली लागते आणि त्या कीमागे बिलिंगचं खातं लागतं. वापर फुकटच्या मर्यादेत बसत असला तरी कार्ड जोडलेलं असावंच लागतं. मालकांच्या कार्डाची मुदत संपली, नवं आलं, पण ते खात्यात कोणी भरलंच नाही. नवा नंबर टाकला असता की नकाशा उजळला असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं.

पण मी सहज विचारलं, नकाशा बंद पडल्यापासून काही फरक जाणवला का? मालक म्हणाले, ‘फरक कसला मॅडम, फोन आधीही तेवढेच यायचे, आताही तेवढेच येतात.’ मग मी कार्डाचा विषय बाजूला ठेवला आणि हे फोन घेतं कोण, ते विचारलं.

मावशींचे तीन प्रश्न

फोन घेतात नौपाड्याच्या दुकानातल्या मावशी. गल्ल्याशेजारी त्यांची खुर्ची, समोर लँडलाइन, मोबाइल आणि एक जाड वही. मे महिन्यात त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि ऐकत राहिले.

‘तुमचं जवळचं दुकान कुठे आहे?’ असं कोणी विचारलं की मावशी पत्ता सांगत नाहीत. उलट विचारतात, ‘शाळा कुठली?’ मग, ‘राहता कुठे?’ आणि शेवटी, ‘गाडीने येणार की लोकलने?’ तिन्ही उत्तरं आली की एका दुकानाचं नाव सांगतात, फार तर दोन.

पहिला प्रश्न शाळेचा का, हे गणवेश घ्यायला कधी गेलेल्या कुठल्याही आईबापाला कळेल. प्रत्येक दुकानात प्रत्येक शाळेचा माल नसतो. ऐरोलीत राहणारं मूल ठाण्याच्या शाळेत जात असेल तर त्याला ऐरोलीचं दुकान घरापासून चार पावलांवर असून उपयोग नाही, त्याचा चौकडीचा पिनाफोर नौपाड्यात मिळतो. पांढरे मोजे आणि काळा बेल्ट सगळीकडे मिळेल. टाय, पीटीचा गणवेश आणि हाउसचा टी-शर्ट नाही मिळणार. हाउसचा टी-शर्ट ही तर वेगळीच डोकेदुखी आहे: चार रंग, प्रत्येक रंगात सगळ्या साइझा, आणि मूल कुठल्या हाउसमध्ये गेलं हे शाळा उघडल्यावर कळणार.

म्हणजे जुना नकाशा चालू होता तेव्हाही तो चुकीच्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. अकरा पिना पाहून माणूस जवळच्या पिनेकडे निघणार, तिथे पोचल्यावर ‘या शाळेचं इथे नाही, वाशीला मिळेल’ हे ऐकणार, आणि पुढच्या वेळी निघण्याआधी फोन करणार. नकाशाने फोन कमी केले नाहीत याचं कारण हे होतं.

मालकांना मी सांगितलं की नकाशा देते, पण तो पानावर सगळ्यात खाली असेल. वरती मावशींचे प्रश्न असतील. त्यांना ते फारसं आवडलं नाही. ‘नकाशा दिसला पाहिजे, त्याने साइट भरलेली वाटते.’ त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. नकाशा दिसला की हे खरंखुरं दुकान आहे, कुठल्या तरी गाळ्यातून चालणारा ऑनलाइन उद्योग नाही, असा विश्वास बसतो. म्हणून तो राहिला.

पत्ते

कामाचा मोठा भाग गेला तो दुकानांची माहिती भरायच्या एका एक्सेल शीटमध्ये. कोडच्या ओळी त्यामानाने किरकोळ.

जुन्या साइटवर ऐरोलीच्या दुकानाचा पत्ता होता: ‘शॉप नं. ६, सेक्टर ८, नवी मुंबई’. दुकानदाराला यात काही कमी वाटत नाही, कारण त्याच्यासाठी सेक्टर ८ एकच आहे. पण सिडकोने नवी मुंबई नोडनोडने, म्हणजे एकेक उपनगर करत वसवली आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टर पुन्हा पहिल्यापासून मोजले. सेक्टर ८ वाशीत आहे, नेरूळला आहे, बेलापूरला आहे आणि ऐरोलीतही आहे. नोडचं नाव नसलेला पत्ता जिओकोडिंगच्या सेवेला, म्हणजे पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढून देणाऱ्या सेवेला दिला तर ती यांतला कुठला तरी एक उचलते आणि चूक झाल्याचं सांगतही नाही. नोड आणि पिनकोड दोन्ही लिहिले, ऐरोली ४००७०८, तर गोंधळ बराच कमी होतो. तेव्हा नवी मुंबईच्या पत्त्यात नोडचा वेगळा रकाना ठेवावाच.

खारघरची गंमत निराळी. लोक बोलताना खारघर नवी मुंबईतच धरतात आणि दुकानाच्या पाटीवरही तसंच आहे. पण खारघर रायगड जिल्ह्यात येतं, २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेत आहे आणि पिनकोड ४१०२१०. मालकांच्या पुतण्याने सुचवलं होतं की आधी जिल्हा निवडायला द्या, मग दुकानं दाखवा. तसं केलं असतं तर वाशी-नेरूळ ‘ठाणे जिल्ह्या’त गेली असती आणि खारघर एकटं ‘रायगड’खाली पडलं असतं. बेलापूरचा माणूस तिथे कशाला बघायला जाईल? जिल्हा, तालुका वगैरे सरकारी विभागणी निवडीत ठेवलीच नाही. वस्तीचं नाव, जसं लोक उच्चारतात तसं, एवढंच ठेवलं.

उच्चारही एक नसतो. कोपरखैरणे कोणी जोडून लिहितं, कोणी तोडून, इंग्रजीत तर पाच तऱ्हा. घोडबंदर रोडला निम्मे लोक ‘जीबी रोड’ म्हणतात. बेलापूर कोणासाठी ‘सीबीडी’ असतं. म्हणून शीटमध्ये ‘इतर नावं’ असा रकाना केला आणि शोधाची पेटी त्यातही बघेल अशी सोय केली. या रकान्यासाठी कुठलंही हुशार तंत्र लागलं नाही. मावशी आणि दुकानातली दोन पोरं चहा पिता पिता नावं सांगत गेली, मी टाइप करत गेले.

पिना नेमक्या शटरपुढे

पत्त्यावरून काढलेली पिन फार तर इमारतीच्या मधोमध पडते. घोडबंदर रोडसारख्या ठिकाणी ते पुरत नाही. दुकान सर्व्हिस रोडवर आहे, मधे दुभाजक आहे, आणि पिन चुकून मुख्य रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला सरकली तर रिक्षावाला पुढच्या नाक्यावरून वळून यायला लावतो. ग्राहक रिक्षातून उतरतो तो चिडूनच.

म्हणून प्रत्येक दुकानाच्या माणसाला सांगितलं: शटरपुढे उभं राहून व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवा. आलेली लोकेशनं बघण्यासारखी होती. एकाने रात्री घरी गेल्यावर आठवणीने पाठवलं, ते डोंबिवलीचं निघालं. दोघांनी ‘आत्ताचं ठिकाण’ निवडण्याऐवजी खाली येणाऱ्या जवळच्या जागांच्या यादीतलं पहिलं नाव दाबलं. एक पिन शेजारच्या बँकेवर बसली, दुसरी समोरच्या हॉटेलवर. शेवटी नियम केला की लोकेशनबरोबर शटरचा फोटोही त्याच वेळी पाठवायचा. तोच फोटो पुढे साइटवर दुकानाच्या नावाखाली लावला. लोकांना दुकान ओळखायला पिनेपेक्षा त्याचाच जास्त उपयोग होतो असं माझं मत आहे.

आकड्यांबद्दल थोडं, कारण पिना हमखास इथे घसरतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशानंतर दोनच आकडे ठेवले तर पिन किलोमीटरभर इकडेतिकडे होऊ शकते, चार ठेवले तर दहा-अकरा मीटर, पाच ठेवले तर मीटरभर. एक्सेलमध्ये रकाना दोन दशांशांचा दिसत असेल आणि तीच फाइल सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने तोडलेला साधा मजकूर) म्हणून साठवली, तर फाइलमध्ये दिसणारा आकडाच जातो, मूळचा नाही. अकराच्या अकरा दुकानं मग नीटस चौकटीच्या कोपऱ्यांवर जाऊन बसतात. त्याच वेळी ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडला नाही तर मराठी पत्त्यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते.

दुसरी घसरण क्रमाची. जिओजेसन या नकाशाची माहिती साठवायच्या प्रमाण स्वरूपात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहितात. लीफलेट या नकाशा दाखवणाऱ्या लायब्ररीला मात्र थेट बिंदू द्यायचा तर अक्षांश आधी लागतो. ठाण्याचे १९.२ आणि ७२.९७ हे आकडे उलटे पडले तर दुकान नॉर्वेच्या ट्रॉम्सो शहराच्याही उत्तरेला, थेट समुद्रात जातं. रकाना रिकामा राहिला आणि त्याचा शून्य-शून्य झाला तर आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. दोन्हींवर उपाय एकच: अक्षांश १८.९ ते १९.४ आणि रेखांश ७२.७५ ते ७३.३ यांच्या बाहेरची ओळ आली की शीट ती लाल करते आणि साइट ती घेत नाही. आपली दुकानं कुठल्या चौकटीत आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याने ही तपासणी टाळायचं काही कारण नाही.

मुंब्र्याचा माणूस

प्रकरणाचा गाभा इथे आहे.

‘जवळचं दुकान’ काढायची रूढ रीत सोपी आहे. ग्राहकाचा बिंदू, दुकानाचा बिंदू, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून हॅवरसाइनचं, म्हणजे गोलावरच्या दोन बिंदूंमधलं थेट अंतर काढायचं सूत्र लावायचं आणि अंतरांची चढती यादी करायची. अकरा दुकानांसाठी सर्व्हरही लागत नाही, ब्राउझर क्षणात मोजतो. मीही तेच लावलं आणि पहिला नमुना मावशींना दाखवला.

त्यांनी ‘मुंब्रा’ टाकलं. यादीत पहिलं आलं ऐरोली.

‘हे कोणी सांगितलं?’ मावशी म्हणाल्या. ‘मुंब्र्याचा माणूस ऐरोलीला कसा जाईल? डोंगर ओलांडून?’

सूत्राच्या हिशेबाने उत्तर बरोबर होतं. मुंब्र्याहून ऐरोली सरळ रेषेत साडेतीन-चार किलोमीटर, नौपाडा साडेपाचच्या आसपास. पण मधे पारसिकचा डोंगर आहे. लोकलने ऐरोलीला जायचं तर मुंब्र्याहून आधी ठाण्याला यावं लागतं आणि तिथे ट्रान्सहार्बरची, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी गाडी पकडावी लागते. म्हणजे ऐरोलीला जाणारा माणूस वाटेत नौपाड्याजवळच उतरून गाडी बदलणार. त्याला ऐरोली ‘जवळ’ म्हणून दाखवणं म्हणजे त्याची थट्टाच.

एकदा हे दिसलं की सगळीकडे दिसायला लागलं. कोपरी आणि नौपाडा सरळ रेषेत एकमेकांना खेटून आहेत, पण मधे रेल्वे आहे. पायी येणारा स्टेशनच्या पुलावरून येतो, स्कूटरवाल्याला कोपरीच्या पुलाला वळसा पडतो. बोरिवलीहून कोणी विचारलं तर मधे येऊरचं जंगल. ठाणे-नवी मुंबईचा भूगोलच असा आहे: एका अंगाला खाडी, एका अंगाला डोंगर, मधून रूळ. पट्टीने मोजलेलं अंतर इथे वारंवार खोटं ठरतं.

यावर तयार उपाय आहे, तो म्हणजे रस्त्याने लागणारं अंतर आणि वेळ देणारी सेवा. प्रत्येक शोधामागे अकरा दुकानांची अंतरं विचारायची, त्याचे पैसे मोजायचे. दोनशे दुकानं असती, किंवा दुकानं राज्यभर पसरलेली असती, तर मी तेच केलं असतं. इथे त्याची गरज नव्हती, कारण सेवेपेक्षा चांगलं उत्तर वहीत तयार होतं. सेवेला गाडीचा वेळ कळतो. आई दोन मुलांना घेऊन लोकलने येणार आहे आणि परतताना हातात चार पिशव्या असणार आहेत, हे मावशींना कळतं.

म्हणून अंतराचं सूत्र मागे टाकलं आणि वस्त्यांचा तक्ता केला. दिघा, कळवा, मुंब्रा, कोपरी, वागळे इस्टेट, माजिवडा, वाघबीळ, रबाळे, घणसोली, सानपाडा, उलवे, जिथून म्हणून फोन येतात त्या सगळ्या वस्त्या. प्रत्येकीपुढे मावशी सांगतील त्या क्रमाने तीन दुकानं आणि एक टीप. एक ओळ अशी दिसते:

मुंब्रा | नौपाडा, ऐरोली, वर्तकनगर | स्लो लोकलने ठाणे, पश्चिमेला उतरा, तिथून पायी.

टीप जशी मावशी फोनवर सांगतात तशीच, त्यांच्याच शब्दांत. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. दिघ्याच्या ओळीत त्यांनी स्वतःहून बदल सुचवला: पूर्वी तिथल्यांना ऐरोलीच सांगायच्या, पण जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झाल्यापासून ठाणेही एकाच स्टेशनावर आलं. असे बदल कुठल्याही सूत्रात आपोआप शिरत नाहीत, ते कोणीतरी लिहावे लागतात.

मग पान असं ठरलं. आधी शाळा निवडा, ती नसेल तर ‘माझी शाळा यादीत नाही’ हा पर्याय. मग वस्ती. शाळेने दुकानं गाळली जातात, उरलेली वस्तीच्या क्रमाने लागतात. प्रत्येक दुकानापुढे फोटो, वेळ, फोनचं बटण आणि ‘रस्ता दाखवा’. हे शेवटचं बटण दुकानाचे अक्षांश-रेखांश घेऊन थेट फोनमधलं गूगल मॅप्स उघडतं. अशा दुव्याला एपीआय की लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

‘माझं ठिकाण वापरा’ हे बटणही आहे, पण दुय्यम. पान उघडताक्षणी ठिकाणाची परवानगी मागणाऱ्या साइटींचा मला मनापासून राग येतो. अजून ओळख नाही आणि घराचा पत्ता विचारतात. बटण दाबल्यावरच विचारावं. शिवाय साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर नसेल तर आताचे ब्राउझर ही सोय देतच नाहीत. परवानगी नाकारली तर पान अडून बसत नाही, वस्तीची पेटी तिथेच असते. परवानगी दिली तर आलेल्या बिंदूवरून आधी जवळची वस्ती ठरते आणि पुढे मावशींचाच क्रम लागतो. सरळ रेषेचं मोजमाप एवढ्यापुरतं चालतं. मुंब्र्यात उभा असलेला माणूस मुंब्र्यात आहे, हे ठरवायला डोंगर आड येत नाही.

आणि नकाशा

गूगलचाच ठेवायचा की बदलायचा? गूगलचा नकाशा लोकांच्या सवयीचा आहे आणि आपल्याकडच्या गल्लीबोळांची माहिती त्यात भरपूर आहे. पण एपीआय की पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये, उघडी दिसते. ती आपल्याच डोमेनला बांधावी लागते, रोजच्या वापराची मर्यादा घालावी लागते. बजेटचा इशारा लावला तर फक्त मेल येतो, खर्च थांबत नाही. मार्च २०२५ पासून महिन्याचं सरसकट क्रेडिट जाऊन प्रत्येक सेवेला वेगळी फुकट मर्यादा आली. अकरा दुकानांच्या साइटला बहुधा छदामही पडला नसता. पण कार्ड पुन्हा कधीतरी संपणार, आणि ते नेमकं जूनमध्ये कळणार.

एकच दुकान असतं तर मी काहीच केलं नसतं. गूगलवरून ‘एम्बेड’चा तयार तुकडा उचलून पानात चिकटवला असता. त्याला एपीआय की लागत नाही, पैसेही नाहीत.

इथे लीफलेट घेतलं. व्लादिमिर अगाफोन्किन या युक्रेनियन प्रोग्रामरने २०११ मध्ये आणलेली ही मुक्त लायब्ररी दाबून पन्नास केबीच्या आतच बसते. नकाशाचे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल्स, ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर बनवलेल्या. २००४ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प कोणालाही वापरता येतो, नुसता नकाशा दाखवायचा तर अट एवढीच की श्रेय नकाशावर दिसलं पाहिजे. ती कोपऱ्यातली बारीक ओळ ‘कुरूप दिसते’ म्हणून काढून टाकणारे डिझायनर मी पाहिलेत. ती काढायची नसते. त्यांचे स्वतःचे टाइल सर्व्हर देणग्यांवर चालतात, धंद्याच्या साइटने त्यांच्या भरवशावर राहू नये. म्हणून टाइल्स एका पुरवठादाराच्या, कार्ड न मागणाऱ्या छोट्या योजनेतून घेतल्या.

एक गोष्ट आपल्याकडे विसरली जाते. भारताच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. परदेशी टाइल्समध्ये काश्मीरच्या सीमा अनेकदा तुटक रेषेत असतात. गणवेशवाल्याला या भानगडीत पडायचं कारण काय? नकाशाची किमान झूम पातळी १० वर बांधली आणि सरकण्याची हद्द घोडबंदर ते पनवेल एवढीच ठेवली. देशाची सीमा दिसेल इतकं मागे जाताच येत नाही. ग्राहकाचाही फायदा, बोट घसरलं तर तो अरबी समुद्रात हरवत नाही. देशभराचा नकाशा दाखवायचा असेल तर मात्र हा उपाय पुरणार नाही, भारतीय सीमा बरोबर दाखवणाऱ्या मॅपल्ससारख्या देशी पुरवठादाराकडे जावं.

बाकी तांत्रिक खाचखळगे नेहमीचेच. नकाशाच्या डब्याला सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, उंची दिली नाही तर तो दिसतच नाही. बंद टॅबमध्ये ठेवला तर उघडल्यावर अर्ध्या टाइल्स करड्या राहतात, तेव्हा नकाशाला आपला आकार पुन्हा मोजायला लावणारं इनव्हॅलिडेटसाइझ चालवावं लागतं. मोबाइलवर पान वर सरकवताना बोट नकाशात अडकतं आणि पानाऐवजी नकाशाच सरकतो. म्हणून मोबाइलवर नकाशा ‘नकाशा पाहा’ दाबल्याशिवाय उघडतच नाही. पिनांचे घोळके करणारं प्लगइन लावलं नाही. अकरा पिनांना ते कशाला हवं?

प्रत्येक दुकानाला स्वतंत्र पान मात्र दिलं, साध्या मजकुराचं: पूर्ण पत्ता, वेळा, कुठल्या शाळांचा माल. नकाशातली पिन सर्च इंजिनला नीट वाचता येत नाही, स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही नाही. मजकूर दोघांनाही वाचता येतो.

जून आणि नंतर

फोन बंद झाले नाहीत. ते होणारच नव्हते. पण मावशींच्या म्हणण्याप्रमाणे विचारणा बदलली. ‘दुकान कुठे’ हे विचारणारे कमी झाले, ‘पिवळ्या हाउसचा अठ्ठावीस साइझ आला का’ हे विचारणारे तेवढेच राहिले. मालकांना वाटत होतं की साइटवर शिल्लक मालही दिसावा. मी नको म्हटलं. निम्म्या दुकानांत बिलं अजून हाताने फाडतात. सकाळी भरलेला साठ्याचा आकडा दुपारी खोटा ठरणार, आणि साइटवर बघून आलेला ग्राहक रिकाम्या हाताने परत गेला तर शिव्या दुकानालाच पडणार. आता तिथे ‘या शाळेचा गणवेश इथे मिळतो’ एवढंच लिहिलेलं असतं आणि खाली फोनचं बटण.

वेळांचा घोळ पहिल्या आठवड्यात उघड झाला. एरवी काही दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात, जूनमध्ये नसतात. साइटवर एक वेळ, गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर दुसरी, शटरवर तिसरी. आता शीटमध्ये ‘एरवी’ आणि ‘हंगाम’ असे वेळांचे दोन रकाने आहेत, साइट तारखेप्रमाणे त्यांतला एक दाखवते, आणि प्रोफाइलवर तोच आकडा हाताने टाकायची जबाबदारी पुतण्याकडे आहे. हे काम आपोआप होईल असं करता आलं असतं, पण अकरा नोंदींसाठी त्याचा खर्च मालकांना सांगायला मला जीभ रेटली नाही.

वार्षिक देखभालीचा करार त्यांनी घेतला नाही. ‘वर्षभर काय बदलतंय त्यात?’ त्याऐवजी ठरलं ते असं: दरवर्षी एप्रिलच्या शेवटी प्रत्येक दुकानाने आपली ओळ तपासायची, शटरचा नवा फोटो टाकायचा, शाळांची यादी खरी करायची, आणि मावशींनी वस्त्यांचा तक्ता एकदा वरपासून खालपर्यंत वाचायचा. उलव्याला बारावं दुकान उघडायचं चाललंय. त्याची ओळ शीटमध्ये घातली आहे, पण ‘चालू’चा रकाना रिकामा असल्यामुळे ती साइटवर दिसत नाही. गाळ्याची किल्ली हातात आली की उलवे, नेरूळ आणि बेलापूर या तीन वस्त्यांचे क्रम मावशी पुन्हा लावून देणार आहेत.